गवताखालचा सूर

सातपूरच्या त्या कारखान्यात चाचणीची खोली सकाळी लग्नाच्या हॉलएवढी रुंद असायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा बोळ झालेला असायचा. याचं कोणाला नवल वाटत नसे. स्पेक्ट्रम ॲनालायझरचं, म्हणजे गोंगाटातले सूर पडद्यावर वेगळे दाखवणाऱ्या यंत्राचं, गोल बटण एक घर पुढे फिरवलं की यंत्राची नजर बारीक होते, आणि यंत्राची नजर बारीक झाली की भिंती आत येतात, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून खोलीतल्या खुर्च्यांना चाकं होती, पाण्याचा कूलर व्हरांड्यात ठेवला होता, आणि गणपतीची तसबीर समोरच्या, न हलणाऱ्या भिंतीवर टांगली होती. नवा माणूस रुजू झाला की त्याला पहिल्या दिवशी एवढंच सांगत: बटण फिरवण्याआधी कोपरं आत घ्या.

हेमलता गांगुर्डे तिथे इतकी वर्षं काम करत होती की घरी चहा पितानासुद्धा तिची कोपरं अंगाशीच असायची.

तिचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्राला आधी फसवून बघायचं. शेजारच्या टेबलावरून खोटा गोंगाट सोडायचा, लांबून जत्रेचा येतो तसा, ज्यातून एकही शब्द वेगळा निघत नाही. त्या गोंगाटात चार सूर लपवायचे. यंत्रानं ते शोधून दाखवायचे. गोंगाट पडद्याच्या तळाशी हिरव्या गवतासारखा सळसळत राही, आणि सूर असेल तिथे गवतातून एक सुळका वर येई. एखादा सूर फारच हलका असेल तर तो गवतात बुडून जायचा. मग बटण एक घर पुढे करायचं, भिंती आत घ्यायच्या, की गवत खाली बसायचं आणि सुळका उघडा पडायचा. फक्त मग पडद्यावरची रेघ डावीकडून उजवीकडे जायला जास्त वेळ घ्यायची. खोली जितकी अरुंद, तितका वेळ लांब. हेमलताला हा सौदा कधी वाईट वाटला नव्हता.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी तिनं चार सूर मागितले आणि पडद्यावर पाच सुळके आले. पाचवा बुटका होता. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे उभा होता, लग्नाच्या फोटोत कोणी परका माणूस घुसून उभा राहतो तसा.

"तांबोळी," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "हा पाचवा तुम्ही सोडलात?"

फिरोज तांबोळी गोंगाटाचं यंत्र सांभाळायचा. दोघांची टेबलं शेजारी होती, डबेही बरेचदा एकत्रच उघडायचे.

"मी चारच सोडलेत, मॅडम. या, बघा. इथे चारच आकडे आहेत."

ती उठून बघून आली. चारच होते. पण ज्याला पाचवा लपवायचा असेल तो चारच दाखवणार, हे तिला कळत होतं. तपासणाऱ्यांचीही अधूनमधून तपासणी होते, अशी कारखान्यात कुजबुज होती. न सांगता एखादा जास्तीचा सूर सोडायचा आणि माणूस तो कळवतो की गिळून टाकतो ते बघायचं. मागे एकानं गिळला, तो आता पॅकिंगला होता. हेमलतानं तांबोळीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. एखाद्याच्या चेहऱ्यावर इतकं काहीच नसणं तिला जरा जास्तच वाटलं.

तिनं गोंगाटाच्या यंत्राची केबल उपसली. गवत झोपलं, चार सुळके गेले. पाचवा उघड्या माळावर एकटा उभा राहिला.

तिनं कपाटातून दुसरं यंत्र काढून लावलं. त्यावरही तो होता.

"एक सांगू का?" तांबोळी म्हणाला. "राग मानू नका. तुम्ही चहाला गेलात की तो जातो."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"काल तो नव्हता."

"तुम्हाला दिसला नव्हता. तुम्ही बाहेर होतात तेव्हा मी बटण एक घर पुढे करून ठेवलं होतं. तुम्ही आत पाऊल टाकलंत आणि तो उठला."

म्हणजे हा माणूस तिच्या पाठीमागे भिंती सरकवत होता. दुपारी तिनं डबा एकटीनं खाल्ला.

दाबके साहेबांनी आवाज चढवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. ते चाचणी विभागाचे प्रमुख होते आणि कुठल्याही गोष्टीवर एक समजूतदार उपाय असतो, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी पडदा बघितला, हेमलताला व्हरांड्यात जाऊन परत यायला सांगितलं, पुन्हा पडदा बघितला.

"घरून काही आणता का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"डबा आणते."

"डबा नाही. तुम्हाला माहीत नसताना येणारं काही."

चहाचा ट्रे मागवण्यात आला. हेमलतानं त्यात मोबाइल ठेवला, घड्याळ ठेवलं, बांगड्या उतरवून ठेवल्या, थोडं थांबून मंगळसूत्रही ठेवलं. दाबकेंनी ट्रे स्वतः उचलून कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. सुळका तसूभरही हलला नाही. उलट थोडा वाढला, असं तांबोळीचं म्हणणं पडलं.

"म्हणजे वस्तूंमधे नाही," दाबके परत आल्यावर म्हणाले. "तुमच्यातच आहे. हरकत नाही. पण गिऱ्हाईक यंत्र न्यायला येणार आहे, तोवर त्याचं काहीतरी बघा."

सुळक्याचं काय करायचं हे न कळल्यावर तपासणारा माणूस शेवटी त्याला कान लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबोळी यायच्या आत तिनं यंत्राला छोटा स्पीकर जोडला, सुळक्यावर खूण ठेवली आणि आवाज वाढवला. आधी नुसती सळसळ आली. मग कोणीतरी गुणगुणायला लागलं. त्याला गाणं म्हणता आलं नसतं. दोन पायऱ्या चढायच्या, एक उतरायची, मधेच थांबून श्वास सोडायचा, आणि पुन्हा चढायचं. हेमलतानं स्पीकर बंद केला. हे गुणगुणणं ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. तिचा नवरा प्रल्हाद शाळेच्या शर्टांना इस्त्री करताना असंच गुणगुणायचा.

संध्याकाळी प्रल्हाद इस्त्रीच करत होता. तो एका हायस्कुलात भूगोल शिकवायचा, आणि दुसऱ्या दिवशीचा शर्ट आदल्या संध्याकाळी कडक करून ठेवायची त्याला सवय होती. हेमलता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत राहिली. इस्त्री पुढे जात होती, मागे येत होती. त्याचे ओठ थोडे पुढे आले होते, गळा हलत होता. आवाज मात्र येत नव्हता.

"आज गुणगुणत नाही तुम्ही?"

"मी कधी गुणगुणायचो?"

"नेहमी. इस्त्री करताना."

"मला नाही आठवत," प्रल्हाद म्हणाला आणि कॉलर उलटी करायला लागला.

माणूस वर्षानुवर्षं करत आलेली गोष्ट कधी केलीच नाही म्हणतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं. त्या दिवसापासून हेमलता घरात कान देऊन वागू लागली. आणि तिला दिसायला लागलं की प्रल्हादचे आवाज एकेक करून घरातून जातायत. चपलांचा आवाज गेला. तो कधी आला ते दाराकडे बघितल्यावरच कळायचं. आमटी ओरपण्याचा आवाज गेला, जो तिला कधीच आवडला नव्हता. पेपराची पानं उलटायची, पण सळसळ व्हायची नाही. त्याचं बोलणं शिल्लक होतं, तेही इतकं हलकं झालं होतं की शाळेत पोरं बाकांवरून पुढे वाकून ऐकायची. वर्ग किती शांत असतो म्हणून मुख्याध्यापिकेनं त्याचं कौतुक केलं, असं त्यानंच एकदा जेवताना सांगितलं. हेमलतानं ते अर्धं ओठांवरून ओळखलं.

घरातून गेलेलं सगळं कारखान्यात सापडत होतं. ती रोज बटण थोडं पुढे न्यायची, भिंती थोड्या आत यायच्या, आणि पाचव्या सुळक्याखाली चपला फटफटायच्या, आमटी ओरपली जायची, पेपर सळसळायचा. तिला राग यायचा. हे सगळं तिच्या घरचं होतं आणि ते दुसरीकडेच कुठेतरी खर्ची पडत होतं.

मग एक दिवस ती जिथवर कोणी जात नाही तिथवर बटण घेऊन गेली. खोली आगगाडीच्या डब्यातल्या वाटेइतकी झाली. तांबोळीचं टेबल आत मावेना, ते व्हरांड्यात नेऊन त्यानं दारातून केबल आत सोडली. रेघ डावीकडून निघाली आणि मुंगीसारखी चालू लागली. पाचव्या सुळक्याशी आली तेव्हा हेमलताला दिसलं की तो एक नाही. दोन आहेत. एकमेकांना इतके चिकटून उभे, की लांबून बघणाऱ्याला एकच वाटावा.

तिनं दुसऱ्यावर खूण ठेवून स्पीकर लावला. एक बाई हसत होती.

"दूध उतू जाईल," बाई म्हणाली.

"बघतोय मी," प्रल्हादचा आवाज म्हणाला. खणखणीत, पूर्वीचा.

"तुम्ही बघत बसता आणि ते उतू जातं." पुन्हा हसणं. मग बाईचा आवाज खाली आला. "हिला सांगू नका हं."

"हेमाला?"

"हो. तिला वाटेल, आपण तिच्याबद्दलच बोलतो."

तांबोळी दारातून म्हणाला, "काय आहे, मॅडम?"

"काही नाही. सळसळ आहे."

त्या संध्याकाळी तिनं प्रल्हादला ताट वाढलं आणि समोर बसली.

"शाळेत नव्या बाई आल्यात का कोणी?"

"आल्यात," प्रल्हाद म्हणाला. "गणिताच्या."

"त्या हसतात का?"

"गणिताच्या बाई?" त्यानं घास हातात धरून विचार केला. "नाही बुवा. का?"

"तुम्ही दिवसभर कोणाशी बोलता?"

"कोणाशीच नाही. हल्ली माझं बोलणं कोणापर्यंत पोचत नाही." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. पाणी कमी दाबानं येतं, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "तूही कुठे बोलतेस? कोपरं आत घेऊन बसलेली असतेस."

ती चोरून त्याचा चेहरा बघत होती. खोटं बोलणारा माणूस इतका दमलेला दिसत नाही, असं तिला क्षणभर वाटलं. पण दमलेला दिसणंही जमतं लोकांना.

गिऱ्हाईक यायचा दिवस जवळ आला तशी दाबकेंनी एक गाळणी आणली. काडेपेटीएवढा डबा होता, केबलच्या मधे बसायचा. तो बरोबर एकच सूर कापायचा आणि बाकी सगळं जसंच्या तसं सोडायचा.

"ही लावून टाकू," दाबके म्हणाले. "एक सूर गेला तर कोणाला कळणार नाही. चार लपवले, चार सापडले, यंत्र पास."

"तो कुठून येतो हे कळल्याशिवाय?"

"कळून काय करायचंय, बाई?" ते अगदी मायेनं म्हणाले. "आधी लावून तर बघू."

त्यांनी डबा बसवला. पाचवा सुळका दिवा फुंकावा तसा गेला, आणि त्याच्या जागी गवतात एक खड्डा पडला. त्यात सळसळसुद्धा नव्हती. हेमलताच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, तिनं व्हरांड्यात जाऊन, हल्ली रोज बाहेर ठेवायचा तो मोबाइल घेतला आणि प्रल्हादला लावला. शाळेची मधली सुट्टी होती. फोन उचलला गेला. पलीकडे शांतताही नव्हती. शांततेला निदान खोली असते, लांबचा पंखा असतो, पोरांचा कालवा असतो. इथे कानाला फक्त प्लास्टिक लागलं होतं.

"अहो," ती म्हणाली. "अहो."

मग ती धावत आत गेली, कोपरं भिंतीला घासली, आणि तिनं डबा उपसून काढला.

"—हेमा? अगं, मी केव्हाचा बोलतोय," फोन म्हणाला. "तू काहीच का बोलत नाहीस?"

दाबकेंनी सगळं बघितलं. डबा तिच्या हातातून हलकेच घेतला आणि रुमालानं पुसला.

"गिऱ्हाईक उद्या येतंय," ते म्हणाले. "जेवण होईपर्यंत मी त्यांना वर बसवतो. तोवर तो कुठून येतो ते शोधा. सापडला तर सापडला. तुमची शेवटची रेघ उजव्या टोकाला पोचली की मी गाळणी लावणार. वाईट वाटून घेऊ नका, यंत्रं जायलाच हवीत."

"रेघ मी कितीही हळू नेऊ?"

"तुम्ही बसू शकाल तितकी," दाबके म्हणाले आणि खोलीच्या रुंदीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर बटाटेवडे गेले. हेमलतानं चपला व्हरांड्यात काढल्या, पदर खोचला, आणि खुर्चीशिवाय आत गेली. बटण पुढे करत गेली तशा भिंती दोन्ही खांद्यांना लागल्या. मग ती तिरकी झाली. एक भिंत पाठीला आली, दुसरी छातीला. दाराची नुसती फट उरली, त्यात तांबोळीचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती. रेघ निघाली. ती चालतेय की थांबलीय ते कळत नव्हतं, कळायला लांब बघून परत बघावं लागत होतं.

गवत इतकं खाली बसलं होतं की पडद्याला जणू तळच नव्हता. स्पीकरमधून दोन आवाज आले, शेजारच्या घरातून यावेत इतके जवळ.

"आज चपाती नको," बाई म्हणत होती. "भाकरी करते. चालेल ना, गांगुर्डे मास्तर?"

हेमलताचा हात बटणावर थांबला. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती प्रल्हादला अशी हाक मारायची, फक्त घरात, फक्त दोघं असताना. ही हाक गणिताच्या बाईंना माहीत असणं शक्य नव्हतं. कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

"मॅडम," तांबोळी फटीतून म्हणाला. "सापडला का तो सूर?"

"सापडली."

"कोण आहे?"

"मीच आहे," हेमलता म्हणाली. "पण मी तर इथे आहे."

तांबोळीनं डोळा फटीला आणखी जवळ आणला. मग म्हणाला, "तिकडे मी आहे का? माझा आवाज येतो?"

"नाही आला."

"बघा जरा नीट. कदाचित गवताखाली असेन."

तिनं ऐकलं, नव्हता. तिनं तसं सांगितलं नाही.

ती बाई खोटी असणार. हा विचार तिनं घट्ट धरून ठेवला. खोटी जत्रा तर रोज याच खोलीत बनत होती. मग खोटी बाई बनवायला असं काय मोठं लागतं? तिचं बोलणं घ्यायचं, जुनी हाक घ्यायची, आणि त्यावर ते हसणं चढवायचं. फक्त हसणं कुठून आणलं असेल, तेवढं तिला कळेना. असं ती शेवटची कधी हसली होती? आठवून बघितलं, पण हाताला काही लागलं नाही. काल रात्री जेवताना तिनं तसं हसून बघितलं होतं. प्रल्हादनं मान वर करून काय झालं असं विचारलं, म्हणजे त्याचे ओठ तसे हलले, आणि ती उठून भांडी गोळा करायला लागली होती.

"ती ऐकतेय," बाई स्पीकरमधून म्हणाली.

"ऐकू दे," प्रल्हाद म्हणाला.

"खूप जवळ आलीय."

"येऊ दे की. बऱ्याच दिवसांपासून शोधतेय ती."

"तिला वाटतं मी तुम्हाला पळवून आणलंय."

"मग तू काय केलंयस?"

बाई हसली नाही. "मी कुठे गेलेच नाही," ती म्हणाली. "मी होते तिथेच आहे."

हेमलताच्या पाठीला भिंत उबदार लागली. लोखंडी टेबलांच्या त्या खोलीत ऊब येण्यासारखं काही नव्हतं. आधी तिला वाटलं, आपल्याच अंगाची असेल. मग ती ऊब हलली. भिंतीच्या पलीकडे कोणीतरी तिच्यासारखंच तिरकं उभं होतं, पाठ लावून, आणि श्वास घेत होतं. पडद्यावर दोन सुळके आता पार वेगळे उभे होते. मधली दरी पातळ आणि खोल होती, आणि तिची जाडी त्या भिंतीइतकीच असणार हे तिला न मोजता कळलं.

व्हरांड्यात पावलं वाजली. खैरनार नावाचा गेटवरचा रखवालदार तांबोळीशी काहीतरी बोलला. मग तांबोळीचा डोळा पुन्हा फटीला लागला.

"मॅडम, तुमचे मिस्टर आलेत गेटवर."

"काय म्हणतायत?"

"खैरनार म्हणतो, काही म्हणत नाहीत. पण आलेत, शाळेचं ओळखपत्र दाखवलंय. छातीवर हात ठेवून आत बोट दाखवतात. पाठवू का?"

प्रल्हाद इतक्या वर्षांत कधी कारखान्यात आला नव्हता. आजच का यावा? तिला संशय आला की दाबकेंनी बोलावलं असेल, तिला बाहेर काढायला. की पलीकडच्यांनी पाठवला असेल, तिचं लक्ष वळवायला. पाठीमागे, भिंतीपलीकडे, प्रल्हादचाच आवाज भाकरीला पाणी जास्त झालं म्हणून सांगत होता.

"पाठवा," ती म्हणाली.

फटीतून तांबोळी दूर झाला आणि प्रल्हाद आला. त्यानं कालच्या इस्त्रीचा शर्ट घातला होता. शाळेतून तसाच निघाला असावा, बोटांना खडू होता. तो बोलत होता. ओठ भरभर हलत होते, आणि त्यातला एकही शब्द या बाजूला येत नव्हता. हेमलतानं मान तिरकी करून ओठ वाचायचा प्रयत्न केला. एकदा तिचं नाव कळलं. एकदा घर असा शब्द असावा, किंवा वर.

"बटण मागे घ्या, मॅडम," तांबोळी मागून म्हणाला. "दार मोकळं होईल. आत येतील ते."

"मागे घेतलं तर गवत वर येईल."

"मग?"

"मग पलीकडच्यांचा आवाज पुन्हा खाली जाईल. आणि रेघ पळत टोकाला जाईल." रेघ चौथ्या सुळक्याच्या पायथ्याशी पोचली होती. टोक फार लांब नव्हतं. जिन्यात दाबके साहेब कोणाला तरी या, या, इकडून या, असं म्हणत होते.

"मग पुढे घ्या."

"पुढे घेतलं तर हे येऊ शकणार नाहीत. मीही बाहेर येऊ शकणार नाही."



भिंतीपलीकडचा प्रल्हाद म्हणाला, "हेमा, ये आता." फटीतल्या प्रल्हादचे ओठ त्याच वेळी हलले, पण तोच शब्द होता की दुसरा, तिला ओळखता आलं नाही. दोघांपैकी एक तिला फसवत होता. आवाज असलेल्याला शरीर नव्हतं, शरीर असलेल्याला आवाज नव्हता. इतकी वर्षं खोट्यातून खरं वेगळं काढायचा पगार घेतला, आणि आता दोन्हीकडे एकच माणूस उभा होता.

प्रल्हादनं बोलणं थांबवलं. त्यानं बाहीचं बटण काढलं, बाही वर सारली आणि फटीतून हात आत घातला. मनगट जेमतेम आलं. खडूची बोटं हवेत तिला शोधत राहिली. हेमलताचा उजवा हात यंत्राच्या बटणावर होता. तिनं डावा हात भिंतीला घासत लांब केला, आणखी लांब केला, आणि तिला त्याची बोटं मिळाली. ती थंड होती. त्यांनी तिची बोटं धरली, दाबली, आणि धरून ठेवली. तिनं वाट बघितली, ही बोटं तिला ओढतील म्हणून. ती ओढत नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हीच आहात ना?"

फटीतला चेहरा दाराच्या कडेला टेकला. फक्त बघत राहिला.

भिंतीपलीकडे भाकरी थापण्याचा आवाज थांबला. पाठीला लागलेली ऊब सरळ झाली, एखादा माणूस कामाला उभा राहतो तशी. मग त्या बाजूनं एक बारीकसा खट् आवाज आला, बटण एक घर पुढे गेल्याचा. हेमलतानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तिची बोटं जागची हलली नव्हती.

भिंती आत आल्या. दाराची फट प्रल्हादच्या मनगटाला येऊन टेकली, शर्टाची दुमडलेली बाही चपटी झाली. पडद्यावरची रेघ टोकाच्या अलीकडे जागच्या जागी थांबल्यासारखी झाली; ती टोकाला पोचल्याशिवाय गाळणी लागणार नव्हती.

"काढा हात," तांबोळी बाहेरून म्हणत होता. "गांगुर्डे सर, हात काढा."

पलीकडे बटण पुन्हा वाजलं. प्रल्हादनं हात काढला नाही.